दोन वर्षांनी मोठी

आमच्या गावच्या कॉलेजात चार-पाच हौशी प्राध्यापकांनी चित्रपट मंडळ काढलं आहे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वर्गाची बाकं बाजूला सरकवायची, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि जगातला कुठला तरी जुना चित्रपट बघायचा. मी तिथे जातो तो खरं सांगायचं तर नंतरच्या चहासाठी आणि गप्पांसाठी. कवी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवतात. पहिल्या रांगेतून सबटायटल्स वाचताना मान दुखते, पण मान मिळतो म्हटल्यावर तक्रार कशी करणार!

अशाच एका शनिवारी जपानी चित्रपट लावला. वर्ष १९५५, दिग्दर्शक केइसुके किनोशिता. नाव एवढं लांब की सूत्रसंचालन करणारी मुलगी दोनदा अडखळली. ‘नोगिकु नो गोतोकी किमी नारिकी’. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘रानशेवंतीसारखी होतीस तू’. यातलं शेवटचं ‘नारिकी’ हे रोजच्या बोलण्यातलं नाही, जुन्या काव्यभाषेतलं क्रियापद आहे. ‘होतीस’ या शब्दात जे संपून गेलेलं असतं ते सगळं त्यात आहे.

सुरुवातीला एक म्हातारा नावेतून नदीवरून चालला आहे. साठ वर्षांनी आपल्या गावी. वल्हवणारा नावाडी, पाणी, डोंगर, काळी-पांढरी चित्रं. म्हाताऱ्याला जुनं आठवू लागतं आणि अचानक पडद्याचे चारही कोपरे पांढरे होतात. मधे फक्त एक लंबगोल उरतो, कडा धूसर झालेला, आणि त्या लंबगोलात माणसं चालू-बोलू लागतात. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘सर, मशीन बघा!’’ सर खरोखरच उठले. मशीन ठीक होतं. चित्रपटच तसा होता. भूतकाळातला प्रत्येक प्रसंग किनोशितांनी त्या लंबगोलात दाखवला आहे. जुन्या घरांत आजोबा-आजींचे लंबगोल चौकटीतले फोटो असतात ना, कडेला विरत गेलेले, तसा.

पहिली दहा मिनिटं मला हा प्रकार नखऱ्याचा वाटला. असली युक्ती एखाद्या गाण्यापुरती ठीक, दीड तास कोण सहन करणार! पण हळूहळू लक्षात आलं की ही चौकट मला आत येऊ देत नाही. पडद्यावरच्या मुलामुलींच्या भोवती पांढरं रिकामपण आहे, आणि त्या रिकामपणाच्या अलीकडे मी आहे, तो नावेतला म्हातारा आहे. आम्हा दोघांनाही आता तिथे जाऊन काहीही बदलता येणार नाही. दिव्याची वेळ झाली तेव्हा मी रुमाल शोधत होतो, आणि शेजारचे इंग्रजीचे प्राध्यापक चष्मा पुसत होते. चहाला त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही.

गोष्ट तशी चार ओळींची आहे. मासाओ नावाचा मुलगा, वय पंधरा. त्याची नात्यातली बहीण तामिको, वय सतरा. मासाओची आई आजारी असते म्हणून ही भाची घरकामाला, आईच्या सेवेला येऊन राहिली आहे. दोघं लहानपणापासून एकत्र खेळलेली. ही वयं जपानच्या जुन्या हिशेबानं आहेत. त्या हिशेबात मूल जन्मतं तेच एक वर्षाचं, आणि दर नव्या वर्षाला एकेक वाढतं. म्हणजे आपल्या मोजणीनं मुलगा तेरा-चौदाचा, मुलगी पंधरा-सोळाची. प्रेम हा शब्दही ज्यांना अजून नीट माहीत नाही अशी ही वयं. लोकांना मात्र तो शब्द आधीच माहीत असतो. वांग्याच्या मळ्यात दोघं वांगी तोडायला गेली तरी घरच्या मोठ्यांच्या भुवया वर जातात. भावजय बोलते, मोलकरणी कुजबुजतात. आणि गंमत अशी, की त्या कुजबुजीमुळेच दोघांना पहिल्यांदा एकमेकांकडे बघताना संकोच वाटू लागतो. जे नव्हतं ते लोकांनी बोलून-बोलून आणलं.

मग कापूस वेचणीचा दिवस येतो. डोंगरावरच्या शेतात कापूस फुटला आहे आणि आई या दोघांनाच पाठवते. मी मराठवाड्यातला माणूस. कापूस मी जन्मापासून पाहिलेला. बोंडातून कापूस ओढताना वाळलेली पाकळी बोटांना टोचते, ओटीत कापूस भरत गेला की कंबरेला फुगवटा येतो, हे मला कुणी सांगायला नको. जपानी चित्रपटात काय असेल, चेरीची फुलं, किमोनो, तलवारी, अशा समजुतीनं बसलो होतो आणि समोर आला कापूस!

त्या दिवशी वाटेत तामिकोला रानशेवंती दिसते. जपानीत ‘नोगिकु’. हे एका फुलाचं नाव नाही. बांधावर, नदीकाठी आपोआप उगवणाऱ्या शेवंतीच्या कुळातल्या अनेक लहान फुलांना मिळून ते नाव आहे, पांढरी किंवा फिकट जांभळी, नाणंभर आकाराची. तामिको म्हणते, मला ही फुलं फार आवडतात. मासाओ म्हणतो, तू तशीच आहेस. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणतो की मलाही रानशेवंती फार आवडते. झालं. एवढंच. नंतर तो दूर झऱ्यावर पाणी आणायला जातो आणि येताना रानफळं आणि ‘रिंदो’ची फुलं घेऊन येतो. रिंदो म्हणजे जेंशियन, आपल्या किराईताच्या कुळातलं निळं-जांभळं फूल. मग तिची पाळी. ती म्हणते, तू या रिंदोसारखा आहेस, मला हे फूल एकदम आवडायला लागलं.

तीस-पस्तीस वर्षं मी कविता लिहितो आहे. प्रेमाच्या कबुलीसाठी उर्दूत, मराठीत किती रचना वाचल्या, किती मुशायरे ऐकले याचा हिशेब नाही. दोन मुलं दोन फुलांची नावं घेतात आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलत नाहीत, यापेक्षा स्वच्छ कबुली मी ऐकलेली नाही. संपूर्ण चित्रपटात ती दोघं एकमेकांना मिठी मारत नाहीत. परतताना उशीर होतो, चांदणं पडतं, आणि घरी दारात चेहरे वाट बघत असतात.

पुढचं सगळं वेगानं घडतं. मासाओला शाळेसाठी ठरल्या वेळेआधीच गावाबाहेर पाठवतात. तामिको त्याला नावेपर्यंत पोचवायला येते, पण सोबत माणसं असल्यानं दोघांना एक शब्दही बोलता येत नाही. तीच शेवटची भेट. तिला तिच्या घरी पाठवतात, स्थळ येतं, ती नको म्हणते, घरचे समजावतात, दटावतात. शेवटी मासाओची आईच तिला सांगते की मासाओशी तुझं लग्न मी कधीही होऊ देणार नाही. हे ऐकल्यावर ती मुलगी होकार देते. लग्न होतं, पोटातलं मूल जातं, ती दुखण्यातून उठत नाही. मासाओला तार करून बोलावून घेतात तेव्हा तिला पुरून झालेलं असतं. तिच्या हातात लाल रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं सापडलं होतं. त्याचा फोटो आणि त्याचं पत्र.

ही गोष्ट मूळची किनोशितांची नाही. ती एका कवीची आहे, आणि त्या कवीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इतो साचिओ हे त्यांचं नाव. जन्म १८६४, मृत्यू १९१३. तोक्योला कायदा शिकायला गेले, डोळ्यांच्या विकारानं शिक्षण सुटलं. मग दुसऱ्यांच्या गोठ्यात राबले आणि १८८९ साली तोक्योतच स्वतःचा दूधधंदा सुरू केला. पहाटे धारा, दिवसभर दुधाचा व्यवहार, आणि रात्री ‘तांका’. तांका म्हणजे एकतीस मात्रांची जपानी कविता, हायकूची थोरली बहीण म्हणा. १९०० साली हा गवळी मासाओका शिकी या अंथरुणाला खिळलेल्या थोर कवीचा शिष्य झाला. वयानं गुरूपेक्षा शिष्यच मोठा होता. शिकींची शिकवण अशी, की जे डोळ्यांसमोर आहे ते चित्रकारानं रेखाटन करावं तसं मांडा, जुन्या संकेतांची फुलं गुंफत बसू नका. रानशेवंती आणि रिंदो आले ते त्या शिकवणीतून. ती उपमेसाठी शोधलेली फुलं नाहीत, त्या वाटेवर त्या ऋतूत खरोखर असणारी फुलं आहेत.

जानेवारी १९०६ मध्ये ‘होतोतोगिसु’ या मासिकात साचिओंची पहिलीच कथा छापून आली, ‘नोगिकु नो हाका’, म्हणजे ‘रानशेवंतीचं थडगं’. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. मित्रांच्या बैठकीत ती वाचून दाखवताना ते स्वतःच रडू लागले, असं सांगतात. त्याच मासिकात तेव्हा नात्सुमे सोसेकी यांची ‘मी एक मांजर आहे’ ही विनोदी कादंबरी क्रमशः येत होती. त्या बुद्धिमान, तिरकस सोसेकींनी या साध्याभोळ्या गोष्टीची मनापासून तारीफ करणारं पत्र साचिओंना लिहिलं. मला ही हकिकत फार आवडते. कारण आमच्या वाङ्मयीन वर्तुळात ज्या गोष्टीवर माणसं रडतात तिला कमी गुण द्यायची पद्धत आहे.

मूळ गोष्ट मला जपानी वाचता येत नसल्यानं पुण्याच्या एका स्नेह्यांनी दोन दुपारी बसून तोंडी मराठीत सांगितली. तेव्हा कळलं की किनोशितांनी दोन मोठे बदल केले आहेत. एक म्हणजे जागा. मूळ गोष्ट तोक्योजवळच्या एदो नदीकाठी, याकिरी या गावी घडते. तिथे आज साचिओंच्या या गोष्टीचं स्मारक आहे. चित्रपटात ती नागानोच्या डोंगराळ मुलखात नेली आहे. दुसरा बदल काळाचा. मूळ गोष्ट सांगणारा मासाओ दहा-बारा वर्षांपूर्वीचं आठवत असतो, म्हणजे अजून तरुणच आहे. चित्रपटातला मासाओ सत्तरी पार केलेला आहे. दहा वर्षांपूर्वीचं दुःख अजून दुखत असतं, त्यात राग असतो. साठ वर्षांनंतर रागावण्यासारखं कुणी जिवंत उरत नाही. आई गेली, भाऊ-भावजय गेले. मधे दोन महायुद्धं होऊन गेली. ज्या जगानं तामिकोला नाही म्हटलं ते जगच मोडून पडलं, आणि हा म्हातारा तेवढा उरला.

ते जग नुसत्या रूढीचं नव्हतं, कायद्याचंही होतं. १८९८ च्या जपानी नागरी कायद्यात कुटुंबप्रमुखाला मोठे अधिकार होते. तिशीच्या आतला मुलगा आणि पंचविशीच्या आतली मुलगी यांना लग्नाला आईबापांची संमती लागे, आणि कुटुंबप्रमुखाची तर कुठल्याही वयात. ३ मे १९४७ ला जपानची नवी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या २४ व्या कलमानं लग्न हे फक्त दोघांच्या संमतीवर उभं राहील असं ठरवलं. या कलमाचा मसुदा करणारी बेआते सिरोता नावाची मुलगी तेव्हा अवघी बावीस वर्षांची होती. चित्रपट आला तो त्यानंतर आठ वर्षांनी. थिएटरात बसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या जपानी बायकांपैकी बहुतेकींची लग्नं जुन्या कायद्याखाली झालेली असणार. लंबगोलाच्या अलीकडे त्या काय विचार करत बसल्या असतील, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

चित्रपटात एक आजी आहे, तामिकोची. सगळं घर मुलीला लग्नासाठी घेरून बसलेलं असताना ही आजी मधेच म्हणते की आपल्या साऱ्या आयुष्यात आनंदाची गोष्ट म्हणाल तर एकच, तुमच्या आजोबांशी लग्न करता आलं ही. क्षणभर सगळे गप्प होतात. त्यांनी आजीचं ऐकून घेतलं, आणि ठरवलं होतं तेच केलं. मुलीच्या बाजूनं बोलणारी घरातली एकमेव व्यक्ती सर्वांत म्हातारी आहे, हे मला विलक्षण वाटतं.

नटांबद्दल थोडं. दोन्ही मुलं नवखी होती, शिन्जी तानाका आणि नोरिको आरिता. त्यांचं अवघडणं अभिनय वाटत नाही. म्हातारा मासाओ झालेत चिशू र्यू, ओझूंच्या ‘तोक्यो स्टोरी’तले वडील. प्रत्यक्षात ते तेव्हा पन्नाशीतच होते, म्हणजे माझ्याच वयाचे! आणि आई झाल्या आहेत हारुको सुगिमुरा. ‘तोक्यो स्टोरी’त म्हाताऱ्या आईबापांना कटकट समजणारी, ब्यूटी पार्लर चालवणारी मोठी मुलगी त्यांनीच केली होती. तिथे कोरड्या, इथे मायेनं ओथंबलेल्या. आणि नेमकी हीच मायाळू बाई घात करते. किनोशितांचं नाव आपल्याकडे कुरोसावांइतकं माहीत नाही. पण १९५४ साली जपानच्या ‘किनेमा जुन्पो’ या प्रतिष्ठित मासिकाच्या यादीत पहिला क्रमांक किनोशितांच्या ‘चोवीस डोळे’ला होता आणि कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ तिसरा होता. दुसराही किनोशितांचाच. ‘नोगिकु’ त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

नात्यातली आहेत म्हणून या दोघांचं लग्न अडलं नाही. तशी लग्नं जपानमध्ये होत, आमच्याकडे होतात, मराठी हिंदू घरांतही मामेबहिणीशी होतातच. अडलं ते वयावर. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. फक्त दोन वर्षं! हॉलमधली कॉलेजची मुलं या कारणावर हसली. मी हसलो नाही.

१९९६ साली माझ्या धाकट्या बहिणीसाठी आमच्या मामूंच्या मुलाचं स्थळ घरात बोललं जाऊ लागलं होतं. दोघांची पसंती असावी असं अम्मी मला हळूच म्हणाली होती. मुलगा बहिणीहून दोन वर्षांनी लहान. अब्बा नव्हते, मोठा मुलगा मी. मराठी घेऊन बी.ए. झालेला, पुरोगामी कविता लिहिणारा, सभासंमेलनांतून स्त्रीच्या दुःखावर बोलणारा. पैगंबरांची पहिली पत्नी हजरत खदीजा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या असं परंपरा सांगते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि एका व्याख्यानात सांगितलंही होतं. तरी घरात मी एवढंच म्हणालो, ‘‘लोग हसेंगे.’’ वाद झाला नाही, रडारड झाली नाही. विषय तिथेच थांबला. वर्षभरात बहिणीचं दुसरीकडे लग्न झालं. माणसं चांगली निघाली, मुलं शिकली. बहीण माझ्याशी कधी त्याबद्दल बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. तामिकोसारखं काही झालं नाही, आणि या ‘काही झालं नाही’वर मी इतकी वर्षं निवांत होतो.

पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मी मासाओसाठी रडलो. प्रत्येक पुरुष स्वतःला मासाओच समजतो. मग मंडळाच्या सरांकडून तबकडी मागून आणली आणि घरी एकट्यानं पाहिला. या वेळी तो प्रसंग आला, तामिको गेल्यावर आई ओक्साबोक्शी रडते, माझ्यामुळेच गेली ती, मीच मारलं तिला, असं पुन्हा पुन्हा म्हणते, आणि मासाओ, ज्याचं सगळं गेलं आहे तो पोरगा, आईचीच समजूत घालत बसतो. तेव्हा मला उमजलं की या लंबगोलात माझी जागा कुठली आहे. ती बाई वाईट नाही, तिचं त्या मुलीवर स्वतःच्या लेकीसारखं प्रेम आहे. तिनं फक्त एक वाक्य उच्चारलं, लोकांना धरून चालणारं.

मूळ गोष्टीत मासाओ सात दिवस रोज तिच्या थडग्याशी जातो आणि भोवती रानशेवंती लावतो. पुढे त्याचंही लग्न मनाविरुद्धच होतं. १९८१ साली हीच गोष्ट सेइको मात्सुदा या लोकप्रिय गायिकेला घेऊन पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे नव्या कायद्यात वाढलेल्या मुलांनाही ती हवीशी वाटली असणार.

ईदला बहीण आली होती. दुपारी सगळे झोपल्यावर ती हॉलमध्ये एकटीच बसली होती. मी काही न सांगता चित्रपट लावला. इंग्रजी अक्षरं ती वाचत नव्हती, मीही अर्थ सांगत नव्हतो. लंबगोल आल्यावर तिनं विचारलं, टीव्ही बिघडला का? नाही म्हटलं. मग ती काही बोलली नाही. आई रडते तो प्रसंग आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी म्हातारा थडग्याकडे गेला, पडदा काळा झाला. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, ‘‘भाई, वो कपास का फिर से लगाव ना.’’

मी रिमोट घेतला आणि मागे नेऊ लागलो.